हिरव्या प्राण्याचा एक गुण

आमच्या गल्लीत राहणारी नववीतली एक मुलगी सहामाही परीक्षेनंतर विज्ञानाची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. प्रश्न होता, 'चूक की बरोबर ते लिहा.' विधान होते, 'सर्व प्राणी परपोषी असतात.' तिने 'चूक' असे लिहिले होते. कारण विचारलेले नव्हते, तरी समासाच्या जागेत बारीक अक्षरात तिने ते दिले होते: 'समुद्रातील एक गोगलगाय शेवाळ खाऊन वनस्पती बनते व स्वतःचे अन्न स्वतः तयार करते.' बाईंनी त्यावर लाल फुली मारून एक गुण कापला होता.

"काका, तुम्हीच सांगितलं होतं ना?" ती म्हणाली.

मी गप्प बसलो, कारण खरोखरच मीच सांगितले होते. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिच्या शाळेत माझे भाषण होते. विषय होता 'प्रकाश'. परावर्तन आणि अपवर्तन ऐकून पोरे कंटाळली आहेत असे दिसल्यावर मी शेवटी ती गोगलगाय बाहेर काढली. शैवालाची जनुके चोरून ती चक्क वनस्पती झाली आहे, असे ठोकून दिले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची किंमत आठ महिन्यांनी या मुलीने एक गुण देऊन चुकवली.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. राहतो राहुरीत. इथून सरळ रेषेत गेले तरी समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर. तेव्हा समुद्रातल्या गोगलगायीत मी नाक खुपसायचे कारण काय, असे तुम्ही विचाराल. पण चूक माझी असल्यामुळे ती निस्तरणेही मलाच भाग होते. त्यासाठी जे वाचले आणि पाहिले, त्यावरून त्या एका गुणाविषयी माझे जे मत झाले ते इथे मांडतो.

आधी फ्रान्समधल्या एका किड्याची गोष्ट सांगतो. ती आपल्या मुंबईपर्यंत येते.

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी प्रांतात रॉस्कॉफ नावाचे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर गडद हिरवे डाग दिसू लागतात. कुणाला वाटेल, शेवाळ आहे. पण जवळ जाऊन पाय आपटावा, तर तो डाग पाहता पाहता वाळूत जिरून जातो! शेवाळ काही असे पळत नाही. ते तीन-चार मिलिमीटर लांबीचे किडे असतात, लाखोंच्या संख्येने. ओहोटीत उन्हासाठी वर यायचे, भरतीची चाहूल लागली की खाली जायचे, असा त्यांचा दिनक्रम. १८७८ साली पॅट्रिक गेडिस नावाचा विशीतला एक स्कॉटिश तरुण तिथे शिकायला आला होता. त्याने हे किडे पसरट भांड्यात समुद्राच्या पाण्यासह घेऊन उन्हात ठेवले. थोड्या वेळाने पाण्यातून वायूचे बुडबुडे निघू लागले. तो वायू गोळा करून तपासला, तेव्हा त्यात जवळजवळ निम्मा प्राणवायू निघाला. पाणवनस्पतीचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. नरसाळ्याखाली वनस्पती, वर उपडी परीक्षानळी आणि त्यात साठणारा प्राणवायू. तोच प्रयोग, फक्त वनस्पतीच्या जागी वळवळणारा प्राणी!

हा हिरवा रंग किड्याचा स्वतःचा की आत राहणाऱ्या आणखी कुणाचा, हा वाद त्यानंतर काही वर्षे चालला. १८८१ साली जर्मनीतल्या कार्ल ब्रांट यांनी प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या अशा एकपेशीय शैवालांना स्वतंत्र नावे दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी कीबल आणि गॅम्बल या दोन इंग्रज संशोधकांनी रॉस्कॉफच्याच किड्यांवर बरीच वर्षे काम केले. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू पांढरे, म्हणजे बिनरंगी असते, असे त्यांना दिसले. आसपासच्या पाण्यातून ते शैवालाच्या पेशी गिळते. त्या पेशी पचत नाहीत, कातडीखाली मुक्काम ठोकतात आणि वाढतात. एकदा पुरेसे हिरवे झाले की किडा खाणेच सोडून देतो. तोंड असते, पण आत काही जात नाही. गाळलेल्या, शैवालरहित पाण्यात पिल्लू ठेवले तर ते पांढरेच राहते आणि अखेर मरते. कीबल यांनी १९१० साली या किड्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'वनस्पती-प्राणी'.

आणि गेडिस? मेक्सिकोत असताना त्याच्या डोळ्यांना काही काळ अंधत्व आले आणि सूक्ष्मदर्शकाचे काम मागे पडले. पुढे तो शहरांचा अभ्यास करू लागला. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला, इथल्या अनेक शहरांच्या रचनेविषयी अहवाल लिहिले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. ज्याने हिरव्या किड्यांचा प्राणवायू मोजला, तोच मुंबईत बसून माणसांच्या वस्त्यांचा विचार करत होता. त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत एक होते गोविंद सदाशिव घुर्ये. पुढे हेच त्या विभागाचे प्रमुख झाले. घुर्ये मूळचे मालवणचे, हे लक्षात ठेवा. मालवणला आपल्याला पुढे जायचेच आहे. १९२० साली गेडिसने जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले. बोस पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. विद्युतचुंबकीय लहरींवर काम करता करता ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. एका जीवशास्त्रज्ञाने समाजशास्त्राच्या खुर्चीत बसून एका पदार्थवैज्ञानिकाच्या वनस्पतिसंशोधनावर पुस्तक लिहावे, याची मला मोठी मौज वाटते. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर मी पुस्तक चाळत बसलो तरी "काय सर, वाट चुकलात का?" असे विचारतात. असो.

आता माझ्या विषयाचे थोडे. भाषणानंतर एका मुलाने विचारले होते, "सर, माणसाला असं हिरवं करता येईल का? मग डबा आणायला नको." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चला, हिशेब करू. आपल्या भागात एका चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात सरासरी पाच युनिटच्या आसपास सौर ऊर्जा पडते. हे युनिट म्हणजे वीजबिलातलेच. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणजे पाच युनिटच्या झाल्या ४३०० किलोकॅलरी. माणसाची कातडी सुमारे १.७ चौरस मीटर. त्यातली एका वेळी उन्हाला समोर येईल ती फार तर निम्मी, म्हणून ०.८ धरू. त्यावर पडतील साधारण ३४०० किलोकॅलरी. त्यातले किती पकडता येईल? उसासारखे उत्तम पीकही वर्षाच्या सरासरीने एक-दोन टक्क्यांच्या फारसे पुढे जात नाही. एक टक्का धरला तर हाती आल्या ३४ किलोकॅलरी. दिवसाला लागतात सुमारे २०००. म्हणजे उघड्या अंगाने दिवसभर उन्हात उभे राहून मिळणार काय, तर चतकोर भाकरी! डबा सुटत नाही.

मग किड्याला कसे परवडते? याचे उत्तर भूमितीत आहे. कोणत्याही वस्तूची लांबी, रुंदी, जाडी निम्मी केली तर तिचे पृष्ठफळ चौथा हिस्सा उरते, पण वजन आठवा हिस्सा. म्हणजे दर ग्रॅमामागे मिळणारी कातडी दुप्पट झाली. दीड मीटरच्या प्राण्याऐवजी त्याच आकाराचा दीड मिलिमीटरचा प्राणी घेतला, तर दर ग्रॅमामागे कातडी हजारपट होते. लहान प्राण्यांना दर ग्रॅमामागे अन्न जास्त लागते हे खरे, पण हजारपट नव्हे. त्यातून हे प्राणी थंड रक्ताचे. अंग गरम ठेवण्याचा खर्च नाही. शिवाय किडा चपटा असला, किंवा खडकाला चिकटून बसणारा असला, तर आणखी सोय. म्हणूनच हिरवे प्राणी शोधायचे तर ते लहान, चपटे, पातळ आणि आळशी प्राण्यांत शोधावेत. हिरवा घोडा सापडायचा नाही. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही.

आता माझ्या त्या गोगलगायीकडे वळू. हिचे शास्त्रीय नाव एलिसिया. पाठीवर शंख नाही, शरीर पानासारखे पसरट, काही जातींत तर पानाच्या शिरांसारख्या रेघासुद्धा. या गटातल्या गोगलगायी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नोंदल्या गेल्या आहेत. सुईसारख्या एका दाताने ही गोगलगाय शैवालाच्या पेशीला भोक पाडते आणि आतला रस शोषून घेते. बाकी सारे पचवते, पण हरितलवके, म्हणजे ज्यांत प्रकाशसंश्लेषण होते ते कण, तेवढे पचवत नाही. आपल्या आतड्याच्या फाट्यांतल्या पेशींत ते जपून ठेवते. इथे फरक लक्षात घ्या. रॉस्कॉफच्या किड्याने अख्खे, जिवंत शैवाल भाडेकरू म्हणून ठेवले होते. गोगलगायीने भाडेकरू मारून त्याची फक्त चूल उचलून आणली! १९६५ साली जपानच्या कावागुती आणि यामासू यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, गोगलगायीच्या पेशींतले ते हिरवे कण शैवालाची हरितलवकेच आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक जात तर अशी उसनी हरितलवके नऊ-दहा महिने चालू ठेवते.

चूल चालवायला दुरुस्ती लागते, आणि दुरुस्तीची बरीचशी माहिती शैवालाच्या केंद्रकात असते. ते केंद्रक तर पचून गेले. मग ही चूल महिनोन् महिने चालते कशी? २००८ साली असे प्रसिद्ध झाले की, शैवालाचे एक जनुक गोगलगायीच्या स्वतःच्या जनुकसंचात सापडले आहे. बातमी जगभर गेली, लेखांत आली, तिथून माझ्या कानात आणि माझ्या तोंडून या मुलीच्या उत्तरपत्रिकेत. पण २०१३ साली गोगलगायीच्या अंड्यांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा शैवालाची जनुके तिथे पोचल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढच्या वर्षांत अशा गोगलगायींचे जनुकसंच अधिक बारकाईने वाचले गेले, तेव्हाही मिळाला नाही. त्याच सुमारास जर्मनीतल्या संशोधकांनी आणखी एक साधा प्रयोग केला. अशा गोगलगायींना महिनोन् महिने उपाशी ठेवले, काहींना उजेडात, काहींना अंधारात. अंधारातल्याही जगल्या! म्हणजे निव्वळ उन्हावरच त्या जगतात, हे म्हणणेही लंगडे पडले. तरी हरितलवके निरुपयोगी आहेत असेही नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की, पुरेसा उजेड मिळालेल्या गोगलगायी अंडी जास्त घालतात. त्याच वर्षी जपानमध्ये एक नवल दिसले. एका जातीची गोगलगाय मानेपासून तुटून धड टाकून देते आणि उरलेल्या नुसत्या डोक्याला आठवड्याभरात हृदय आणि सुमारे तीन आठवड्यांत पुरे धड फुटते. त्या काळात पोट भरायला हरितलवके मदत करत असावीत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे.

सारांश, माझे 'जनुके चोरून वनस्पती झाली' हे वाक्य मी बोललो तेव्हाच शिळे झालेले होते. जुना लेख वाचला, पुन्हा तपासले नाही. पदार्थविज्ञानात मी असे केले असते का? विद्यार्थ्याने प्रयोगवहीत जुन्या वर्षाची वाचने उतरवली तर मी वही परत करतो.

हे सगळे बरोबर घेऊन मी शाळेत बाईंना भेटायला गेलो. गुण वाढवून मागायला नव्हे, माझी चूक कबूल करायला. पण बोलता बोलता रॉस्कॉफच्या किड्याचा विषय निघाला. मी म्हटले, "मॅडम, गोगलगायीचं सोडा, पण तो किडा तर खातच नाही. मग 'सर्व प्राणी परपोषी' कसं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, अन्न कोण तयार करतं? शैवाल. ते अन्न कोण खातं? किडा. मग किडा परपोषीच झाला की. गाय गवत बाहेर खाते, हा आत खातो."

उत्तर बिनतोड होते. मी चहा पिऊन परत आलो.

घरी आल्यावर मात्र डोके चालू राहिले. बाईंचे म्हणणे पुढे नेले तर काय होते पाहा. आंब्याच्या झाडात अन्न कोण तयार करते? पानांच्या पेशींतली हरितलवके. आणि ही हरितलवके आली कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती, एका मोठ्या पेशीने त्यांना गिळले आणि पचवले नाही, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेझ्कोव्स्की यांनी १९०५ साली मांडली. बराच काळ तिच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ती नव्याने मांडली. आज हरितलवकांच्या डीएनएवरून ती मान्य झालेली आहे. म्हणजे आंब्याच्या पेशीनेही कधी काळी भाडेकरूच ठेवला होता! मग बाईंच्या न्यायाने आंबाही परपोषीच ठरेल: अन्न जिवाणू बनवतो, झाड खाते.

तेव्हा भांडण 'पोषी' या शब्दाचे नाही. 'स्वयं' या शब्दाचे आहे. प्राणी स्वतः म्हणजे कुठपर्यंत? कातडीच्या आतले सगळे 'स्वतः', की अंड्यातून वारशाने आले तेवढेच? मला ही भिंत नसून जिना आहे असे वाटते. तळाच्या पायरीवर गोगलगाय, जिला प्रत्येक पिढीत नव्याने चोरी करावी लागते. त्यावर रॉस्कॉफचा किडा, ज्याला प्रत्येक पिढीत जिवंत शैवाल नव्याने गोळा करावे लागते. त्यावर गोड्या पाण्यातला हिरवा हायड्रा. त्याला कोंब फुटून पिल्लू झाले की आईच्या पेशींबरोबर शैवालही पिल्लात जाते. काही जातींच्या प्रवाळांची अंडी तर शैवाल घेऊनच बाहेर पडतात. आणि सगळ्यात वर आंबा, ज्याच्या बाबतीत भाडेकरू हे घरचेच झाले आहेत, त्यांची बरीच जनुकेही घरमालकाच्या तिजोरीत गेली आहेत. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही म्हणून ही उदाहरणे परकी मानू नका. काळ्या मसाल्यातले दगडफूल घ्या. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारीच आहे. हरभऱ्याचे रोप उपटून मुळावरच्या गाठी पाहा, तिथेही जिवाणू बसलेले आहेत.

तर माझे मत असे. 'सर्व प्राणी परपोषी असतात' हे वाक्य पुस्तकात जरूर असावे. सोपी रेघ आखल्याशिवाय शिकवताच येत नाही. पण 'चूक की बरोबर' या सदरात ते घालू नये. जिथे दोन्ही उत्तरांना चांगले कारण आहे, तिथे कारणच विचारावे आणि गुण कारणाला द्यावा. या मुलीने 'चूक' लिहिले म्हणून गुण जाऊ नये, आणि तिने दिलेले कारण चूक होते म्हणून मिळूही नये. तिच्या कारणाचा गुण खरे तर माझ्या खात्यातून वजा व्हावा.

या भागीदारीला आपण लगेच 'मैत्री' म्हणतो, तेही मला पटत नाही. भाषणात मीही म्हटले होते. मैत्री म्हटली की वाटते, ती टिकणारच. आता मालवणकडे चला.

मागच्या हिवाळ्यात आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची सहल मालवणला गेली. सिंधुदुर्ग किल्ला, मासळीचे जेवण आणि 'समुद्राखालची दुनिया' असा कार्यक्रम. इथल्या खडकांवर जिवंत प्रवाळे आहेत, ही नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. १९८७ साली मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ म्हणजे लहान लहान प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल असते. शैवाल जे अन्न तयार करते, त्यातले ९० टक्क्यांपर्यंत ते प्रवाळाला देऊ शकते. बदल्यात त्याला राहायला जागा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या मलद्रव्यातले नत्र मिळते. तेही मोजूनमापून. शैवाल फार वाढू नये म्हणून प्रवाळ त्याला नत्राच्या टंचाईत ठेवतो. उदार मित्र असे वागत नाहीत. हा रोखठोक व्यवहार आहे, आणि रोजच्या हिशेबावर चालतो.

हा हिशेब बिघडायला किती उष्णता लागते ठाऊक आहे? उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त एक अंश जास्त तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, की पुरे. शैवालाच्या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेत बिघाड होतो, पेशीला अपायकारक अशी प्राणवायूची रूपे तयार होऊ लागतात, आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. रंग शैवालाचा होता, तो जातो. खालचा पांढरा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही. ते उपाशी पडते. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परतते, नाही झाले तर वसाहत मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठी विरंजने झाली. ही वर्षे ओळीने वाचा आणि मधले अंतर मोजा: बारा, सहा, आठ. प्रवाळाची वसाहत सावरायला दहा वर्षेही अपुरी पडतात. मालवणच्या पाण्यातही विरंजन झालेली प्रवाळे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवली आहेत, आणि पर्यटकांच्या डुबक्यांमुळे झालेली मोडतोडही.

ती मोडतोड कशी होते हे मी डोळ्यांनी पाहिले, नव्हे, केली. होडीवाल्याने एका ठिकाणी सांगितले, "इथे पाय टेकतात, उभे राहा." आम्ही उभे राहिलो. पाण्याला मातकट रंग होता. पायाखाली खडबडीत, घुमटासारखे काहीतरी लागले. माझ्या शेजारी एक विद्यार्थी माशांना बिस्किटे टाकत होता. मी चष्म्यातून खाली पाहिले, तर तपकिरी-हिरव्या रंगाची बारीक जाळीदार नक्षी होती आणि तिच्यावर माझ्या टाचेचा पांढरा ओरखडा. ज्या भागीदारीवर मी भाषणे देतो तिच्यावरच मी उभा होतो. अशी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाघाच्या पाठीवर कुणी असे निवांत उभे राहिले नसते. होडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे कुणी सांगितले नसेल, आणि मला तर ठाऊक असूनही मी विचारले नाही.

म्हणून सहलीबद्दलही माझे एक मत आहे, आणि ते सहल ठरवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी ऐकवतो. किल्ला दाखवा, पण जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचते. त्याच्या काठाशी, काही न तोडता आणि काही न उचलता, मुलांना अर्धा तास बसवा. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत अशा खळग्यांत झोअँथस नावाचे प्राणी दिसतात. हिरवट-तपकिरी बटणे ओळीने चिकटवून ठेवावीत तसे. त्यांच्याही पेशींत शैवाल असते. सावली पडली की बटणे मिटतात. याला होडी लागत नाही, तिकीट लागत नाही, आणि पाय कुठे ठेवायचा ते आपल्याच हातात असते. समुद्राखाली जायचेच असेल तर आधी पाण्यावर तरंगायला शिका आणि पाय टेकू नका.

एक अंश तापमानाची गोष्ट मात्र ओहोटी बघून सुटणारी नाही. मालवणच्या समुद्राचे पाणी तापते ते मालवणच्या माणसांमुळेच नव्हे. राहुरीतल्या माझ्या मोटारसायकलचा धूरही त्या हिशेबात आहे आणि गावोगावच्या वीटभट्ट्यांचाही. त्या हिशेबात समुद्रापासून दोनशे किलोमीटर हे काही अंतर नव्हे. पदार्थविज्ञानाच्या तासाला आम्ही विशिष्ट उष्मा शिकवतो. पाण्याचा खूप जास्त, म्हणून समुद्र सावकाश तापतो, असे सांगून फळा पुसतो. सावकाश तापलेला समुद्र सावकाशच निवतो, आणि तोवर आतले शैवाल बाहेर पडलेले असते, हे पुढचे वाक्य आता मी तासाला घालतो. अभ्यासक्रमात ते नाही. आतापर्यंत कुणी हरकत घेतलेली नाही.

त्या मुलीचा गुण काही वाढला नाही. बाईंनी उत्तरपत्रिकेवर 'कारण तपासून पुन्हा लिहिणे' असा शेरा मारला आणि तिने दोन पाने भरून पुन्हा लिहिले. त्यात माझ्या भाषणातली चूक पहिल्याच ओळीत आहे, माझ्या नावासकट. सध्या तिने मुळा कालव्याच्या कडेच्या एका डबक्यातले पाणी आणि पाणवनस्पती काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवली आहे. १७४० च्या सुमारास ट्रेम्ब्ले नावाच्या गृहस्थाला अशाच बरणीत हिरवा हायड्रा दिसला होता. हा प्राणी की वनस्पती हे ठरवण्यासाठी त्याने तो कापून पाहिला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन हायड्रे झाले! आमच्या बरणीत तीन आठवड्यांत डासांच्या अळ्या आणि दोन शंखगोगलगायी निघाल्या. अळ्या तिच्या आईने ओतून दिल्या. रविवारी दुसऱ्या डबक्यावर जायचे आहे.